कापायची रेघ

"अजून मोठं करा," धाकटी स्क्रीनवर बोट टेकवत म्हणाली. "माझं नाव मला नीट दिसू दे."

"बोट लावू नका मॅडम, डाग पडतात," म्हणत डिझायनरने लेबल मोठं केलं.

टाचांच्या मलमाचं लेबल. हिरव्या रंगावर मधोमध मलमाचं नाव, सगळ्यात वर, कडेला अगदी चिकटून, तिच्या थोरल्या बहिणीचं नाव आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरांत, 'कृती' असं लिहून धाकटीचं. मलम धाकटीचं होतं. सात वर्षं ती ते स्वतःच्या हातांनी घोटत होती, आणि सात वर्षं डबीवर फक्त थोरली मिरवत होती. दुकान थोरलीचं, ओळखी थोरलीच्या, तोंडही थोरलीचंच. या खेपेला मात्र धाकटीने सरळ सांगून टाकलं होतं की नाव येणार नसेल तर पातेलं गॅसवर चढणार नाही.

थोरली मागे उभी होती. खुर्ची दिली तरी बसली नव्हती. "झालं समाधान? आता सही कर आणि चल. की भिंग मागवू?"

"मागव. तुझ्याबरोबर कुठेही जायचं म्हणजे भिंग लागतंच."

गिऱ्हाइकांची भांडणं डिझायनरला नवी नव्हती. नवरा-बायको लोगोच्या रंगावरून भांडतात, भागीदार फोन नंबर कुणाचा टाकायचा यावरून भांडतात; पण ती माणसं निदान ओरडून मोकळी होतात. या दोघी हळू बोलत होत्या आणि शब्दाशब्दाला टोचत होत्या. शिवाय धाकटीला माहीत नसलेली एक गोष्ट त्याला माहीत होती, आणि तिच्यापायी सकाळपासून त्याचं डोकं उठलं होतं.

लेबलाभोवती एक बारीक लाल रेघ होती. हिरवा रंग रेघेच्या बाहेरही चारी बाजूंनी अर्धा सेंटिमीटर वाढवलेला होता. कापताना पातं जरा सरकलं तरी पांढरी कड दिसू नये, म्हणून तो नेहमीच वाढवतात. रेघेबाहेरचं सगळं कापून कचऱ्यात जातं. धाकटीचं नाव रेघेच्या बाहेर होतं.

तसं थोरलीने सकाळी फोनवर सांगितलं होतं. "स्क्रीनवर दिसलं म्हणजे झालं. एकदा तिची सही पडली की ती काय करणार आहे?" भिंतीवर पाटी होतीच: प्रूफवर सही झाल्यावर तक्रार चालणार नाही. पाटी त्यानेच लावली होती.

"ही लाल रेघ कसली हो?" धाकटीने विचारलं.

थोरलीने त्याला तोंड उघडूच दिलं नाही. "नुसती खूण असते ती. खऱ्या मालावर येत नाही."

हे शंभर टक्के खरं होतं. फसवायचं तर असं फसवावं, एक शब्द खोटा न बोलता.

डिझायनरला थोरलीचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. पण गिऱ्हाईक जुनं होतं आणि तो भित्रा होता. त्याने रेघेसकट प्रूफ छापून टेबलावर ठेवलं. धाकटीने पेन उचललं. तेव्हा कुठे त्याने खणातून कात्री काढली आणि तिच्यापुढे सरकवली.

"रेघेवरून कापा, डबीवर लावून बघा. मग सही करा."

"कशाला?" थोरलीचा आवाज पहिल्यांदाच चढला. "शाळेतलं हस्तकौशल्य चाललंय का इथे?"

धाकटीने पिशवीतून रिकामी डबी काढली. मग ती कापायला लागली, सावकाश, रेघ न सोडता. वरची बाजू झाली, दोन्ही कडा झाल्या, शेवटी खालची. कापलेली पट्टी तिच्या मांडीवर पडली. तिने लेबल डबीवर ठेवलं. ते झाकणावर अगदी बरोबर बसलं. तिने खाली नाव शोधलं, पुन्हा शोधलं, आणि मग मांडीवरची पट्टी उचलून वाचली.

"जागाच नव्हती," थोरली म्हणाली. "आणि तुला कोण ओळखतं गं? लोक माझ्याकडे बघून डबी घेतात. घोटणारे हात छप्पन मिळतील."

धाकटीचे डोळे भरून आले होते. तिला बहिणीची इतकी चीड कधीच आली नव्हती. ती डिझायनरकडे वळली.

"लेबल मोठं करता येईल?"

"नाही मॅडम. झाकण तेवढंच आहे."

"रेघ सरकवता येते?"

"येते."

"मग खाली घ्या. आकार तोच ठेवा."

त्याने लाल चौकट पकडली आणि खाली ओढायला सुरुवात केली. खालून धाकटीच्या नावाची शिरोरेषा चौकटीत आली, मग अक्षरं आली. वर थोरलीच्या नावाची शिरोरेषा बाहेर गेली.

"अहो, काय करताय? थांबा!"

"अजून खाली," धाकटी म्हणाली.

थोरलीचं अख्खं नाव बाहेर पडलं तेव्हा तो थांबला. "खालचा रंग वाढवतो मी नंतर," तो पुटपुटला. ते कुणीही विचारलं नव्हतं.

नवं प्रूफ निघालं. रेघेच्या वर थोरलीचं नाव ठळक, स्वच्छ, एकही अक्षर न पुसता छापलेलं होतं. धाकटीने कागद तिच्यापुढे ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

"बघ, नाव आहे तुझं. आता तू सही कर, ताई."