गिअरवरचा हात

पिकअपचा गिअरबॉक्स मी अंगणातच उघडला. तिसरा गिअर सारखा निसटत होता, आणि पहाटे झेंडू मार्केटला न्यायचा होता. आत गिअर सरकवणारा फोर्क एका बाजूने झिजला होता. चालवताना गिअरवर हात ठेवून दिला की तो असाच झिजतो.

माझी बायको गाडी चालवायची, तेव्हा मी रोज सांगायचो, "हात काढ तिथून. फोर्क झिजेल."

"झिजू दे. तुम्ही आहात की बदलायला."

मार्चमध्ये ती गेली.

"जुना टाकून देऊ, बाबा?" मुलीने विचारलं.

"टाक."

नवा फोर्क बसवला, ऑइल भरलं. पहाटे झेंडू भरून निघालो. तिसरा गिअर पडला आणि टिकला.

"बाबा, गिअरवरचा हात काढा," शेजारून मुलगी म्हणाली.

"झिजू दे," मी म्हणालो.