वेळेत परत न आल्यास

"तुझ्या दादाकडे लक्ष ठेव हं. तो आपणहून कुणाकडे काही मागायचा नाही," घटस्फोटानंतर सामान घेऊन निघताना वहिनी तिला म्हणाली होती. "एवढी काळजी आहे तर थांबायचंस की!" असं फटकारून तिने तो विषय झटकून टाकला. मग लेकीचं दूध, लसी, दात येणं यांत आठ महिने कसे गेले, तिला कळलंच नाही. मधूनच दादाला 'कसा आहेस?' असा मेसेज टाकला, की 'मजेत' एवढंच उत्तर यायचं.

आज ती लेकीला भरवत असताना विमान परवाना कार्यालयातून तपासनीस बाईंचा फोन आला. दादा छोटी विमानसेवा सुरू करत होता. मालक तोच, वैमानिक तोच, सुरक्षा अधिकारीही तोच.

"एका माणसाच्या कंपनीत तेवढं चालतं हो," बाई म्हणाल्या. "फक्त एका रकान्यापायी परवाना अडलाय. विमान वेळेत परत आलं नाही, तर आम्हाला कोण कळवणार? काल त्यांनी तुमचं नाव लिहिलंय. कळवाल ना?"

"म्हणजे काय! सख्खी बहीण आहे मी. पण एवढ्याशा गोष्टीसाठी परवाना अडला?"

 

"अहो, तीनदा फॉर्म परत पाठवला आम्ही. तिन्ही वेळा त्या रकान्यात त्यांनी स्वतःचंच नाव लिहिलं होतं."

 

तुमच्याही घरात असा कुणी 'मजेत' असेल, तर बाकीचे मेसेज राहू द्या. आधी त्याला फोन लावा.