सगळ्याला हो

या, जरा जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. एवढी गोष्ट ऐका, मग गजर करू.

कातारीनाला ऑपरेशनला न्यायची वेळ झाली होती. ग्वातेमालाची पोर, कॅनडातल्या किचनर शहराबाहेरच्या ग्रीनहाऊसमध्ये टोमॅटो तोडायची. पोटातल्या गाठीने बेजार. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई इंग्रजीत विचारायच्या आणि नागपूरची नीलिमा ते स्पॅनिशमध्ये सांगायची. सॉफ्टवेअरची नोकरी सांभाळून ती हौसेने स्पॅनिश शिकली होती. असल्या कामाला सेवा म्हणून यायची.

सकाळी रिसेप्शनवरच्या बाईने तिला विचारलं होतं, तू इंडियन बोलतेस ना? नीलिमा मनात हसली होती. अशी कुठे भाषा असते का, बाई?

गाठ तेवढी काढता येईल, पण पुन्हा होऊ शकते. गर्भपिशवीच काढली तर त्रास कायमचा संपेल. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. मग पिशवी काढायची? कातारीना म्हणाली, "सी." म्हणजे हो. पुढे मूल होणार नाही, चालेल? "सी." नीलिमाने तसं सांगून टाकलं.

कातारीनाने डोळे मिटले, हात जोडले आणि पुटपुटू लागली. नीलिमाही भाविक. तिने सवयीने कान दिला. देवाचं नाव सोडलं तर त्या प्रार्थनेत तिला एकही शब्द ओळखता येईना. माणूस साहेबाशी कुठल्याही भाषेत बोलेल हो, देवाला हाक आईच्याच भाषेत मारतो.

नीलिमाने वाकून स्पॅनिशमध्ये विचारलं, "तुझं नाव नीलिमा ना?"

"सी," कातारीना म्हणाली. चेहऱ्यावर तेच अदबीचं हसू.

नीलिमाने हे डॉक्टरीणबाईंना सांगितलं. ऑपरेशन थांबलं. शोधाशोध झाली. पोरीची भाषा निघाली माम, डोंगरातल्या गावांची. स्पॅनिश म्हणजे तिकडे सरकारदरबारची बोली. तिथे काहीही विचारलं तरी हो म्हणायचं, एवढंच तिला घरच्यांनी शिकवलेलं.

अखेर फोनवर माम बोलणारी एक बाई मिळाली. आपली भाषा कानावर पडताच कातारीनाला रडू फुटलं. मग तिने एकच विचारलं. ते माममधून स्पॅनिशमध्ये आलं, आणि नीलिमाला ते इंग्रजीत सांगता येईना.

"हे झालं की मला बाळ होईल ना? त्यासाठीच तर आलेय."

उचला आता टाळ. पहिल्या गजराला मनात कातारीनाचं नाव असू द्या.