कोहमाऱ्याचा चहा

अंगणात पडल्यापासून शांतीबाईला एकटं ठेवता येणार नाही, हे दोन्ही मुलांना कळत होतं. दिवाळीचे चार दिवस धानाच्या भावावर, नव्या गाडीच्या ॲव्हरेजवर, गावातल्या भांडणांवर बोलणं झालं. आई आता कोणाकडे राहणार, हे तेवढं कोणी काढलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दोन्ही गाड्या घाईघाईनं निघाल्या. कोहमाऱ्याहून लीलाधर नागपूरकडे जाणार होता, धाकटा खेमराज रायपूरकडे. त्याआधी ढाब्यावर सगळे चहाला उतरले.

"माय नाही उतरली?" लीलाधरनं विचारलं.

"तुमच्या गाडीत हाय ना भाऊ? तिची कपड्याची थैली तुमच्या डिक्कीत दिसली मले."

"अन् औषधाचा डबा तुह्या मागच्या सीटवर होता. म्हणून त मी काही विचारलो नाही."

चहा तसाच निवत राहिला. दोघांनीही खिशातून फोन काढले आणि आईचा नंबर लावला.

गावात शेजारच्या शामकलाच्या ओसरीवर शांतीबाई शेंगा निवडत बसली होती. मांडीवरचा फोन वाजत राहिला, तिनं उचलला नाही.

"थैली एकाच्या गाडीत ठेवली, डबा दुसऱ्याच्या. असं काऊन केलीस वो काकी?" शामकलानं विचारलं.



"चार दिवस वाट पाहिली, बाई. आता तरी आपसात बोलतीन."