धूळबंद खोली

अंबरनाथच्या त्या कारखान्यात इलेक्ट्रॉनिक चिपसाठी सिरॅमिकच्या इवल्याशा डब्या बनायच्या आणि त्यांच्यावर धातूचं झाकण बसायचं. झाकणाखाली धुळीचा एक कण राहिला, तरी डबी बाद. म्हणून मालक कर्णिकसाहेबांनी झाकणं बसवणाऱ्या मशीनसाठी खास धूळबंद खोली बांधून घेतली. दसऱ्याला तिथे थाटात पूजा झाली. नंतरचा सगळा माल गिऱ्हाइकाने परत पाठवला. पुन्हा असं झालं तर ऑर्डर रद्द, असंही कळवलं.

तपासणी खात्यातल्या मालिनीबाईंनी परत आलेल्या डब्या उघडून पाहिल्या आणि त्या साहेबांकडे गेल्या.

"साहेब, झाकणाखाली राख आहे. उदबत्तीची वाटते. थोडा गुलालही आहे."

साहेबांनी एक डबी उजेडाकडे धरून पाहिली.

"म्हणजे पूजेत काहीतरी राहिलं. गुरुजींना निरोप द्या, या खेपेला होम करू."

"होम बाहेर, आवारात ना?"

"आवारात कशाला? मशीन आत आहे ना? तिच्यासमोरच." मग त्यांनी बजावलं, "आणि सगळ्यांना सांगून ठेवा, चपला बाहेर काढायच्या. आत धूळ अजिबात चालणार नाही."