तारीख न घातलेला कागद

परराष्ट्र खात्याच्या आस्थापना शाखेत बाई कपाटापुढे उभ्या होत्या आणि कपाट काही उघडत नव्हतं. उघडणार कसं? किल्ली नियमकाकांच्या खिशात होती. हेडक्लार्कला हे नाव खात्यानेच ठेवलेलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

दुपारच्या विमानाने बाई राजदूत म्हणून निघणार होत्या. खात्यातली पहिलीच स्त्री राजदूत. सकाळपासून अभिनंदनं स्वीकारून त्यांचे गाल दुखायला लागले होते. त्यांना हवा होता फक्त एक कागद. तेवीस वर्षांपूर्वी रुजू होताना लिहून दिलेला राजीनामा, तारीख न घातलेला. खात्यात येणाऱ्या प्रत्येक मुलीकडून तो घेत. तिने लग्न केलं की नियमकाका कपाट उघडून तारीख टाकत. संपली नोकरी.

आणि शेहेचाळिसाव्या वर्षी बाईंना लग्न करायचं होतं. ज्यांच्याशी करायचं ते डॉक्टर नऊ वर्षं थांबले होते. निघण्याआधी हो की नाही तेवढं सांग, एवढंच त्यांनी मागितलं होतं.

नियमकाका म्हणाले, तुम्ही राजदूत झालात याचा आनंदच आहे, पण कागद निवृत्तीलाच परत मिळतो. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. वाईट वाटून कपाट उघडत नाही, हीच तर पंचाईत.

उलट त्यांनीच बाईंपुढे एक कागद सरकवला. खिडकीशी नवी मुलगी बसली होती, यंदा निवडलेली एकटीच. तिच्या राजीनाम्यावर साक्षीला वरिष्ठांची सही हवी होती. बारापर्यंत जमा झाला नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला.

बाईंनी पेन उचललं, परत ठेवलं. सही केली तर ही पोरगीही त्याच कपाटात जाणार. नाही केली तर दारातूनच घरी. त्यांना स्वतःचीच चीड आली.

"काय लिहून देतेयस, कळतंय ना?"

"मला लग्न करायचंच नाहीये, मॅडम," मुलगी हसून म्हणाली.

बाईही असंच हसून म्हणाल्या होत्या, त्याच खुर्चीत बसून.

त्यांनी नियमांचं पुस्तक मागवलं, कलम दोनदा वाचलं. राजीनामा स्वतःच्या अक्षरात, खाली सही, साक्ष. तारीख कोरी ठेवा, असं कुठेच नव्हतं. नुसतीच पडलेली पद्धत! तहांच्या मसुद्यांतल्या पळवाटा हुडकण्यात बाईंची हयात गेली, आणि हे अर्धं पान त्यांनी कधी उघडून पाहिलं नव्हतं.

त्यांनी मुलीला विचारलं, तू निवृत्त कधी होणार? तिने बोटांवर मोजून सांगितलं.

"तीच तारीख घाल."

मुलीने घातली, बाईंनी सही केली. नियमकाकांनी कलम चष्म्यावरून वाचलं, चष्म्यातून वाचलं. खोट सापडेना, आणि नियमापुढे त्यांचं काही चालत नसे.

मग माझ्याही कागदावर घालते, बाई म्हणाल्या.

"तुमचा जमा झालाय," नियमकाका हळूच म्हणाले. "जमा कागदावर फक्त खातं लिहितं, बाई."

त्यांनी कपाट उघडलं. हातभर अंतरावर बाईंना स्वतःचं जुनं, गोल अक्षर दिसलं. त्यावर मुलीचा कागद ठेवून नियमकाकांनी कपाट लावलं.

तेवढ्यात फोन वाजला. नियमकाकांनी उचलला आणि रिसिव्हरवर हात ठेवला.

"डॉक्टर आहेत. काय सांगू?"

बाईंनी पर्स उचलली, विमानाचं तिकीट आत आहे ना ते पाहिलं.

"सांगा, मी निघाले."