डाव्या बाजूची प्रॅक्टिस

"आता बघ हं," घाटातलं वळण घेता घेता सूर्यकांत म्हणाला, "इथे आखातात आपण उजवीकडून चालवतोय. श्रीलंकेत हेच सगळं डावीकडून. बाकी डोंगर तो डोंगर आणि वळण ते वळण."

अल कुसैसच्या घरून निघाल्यापासून नवऱ्याच्या तोंडून सुचित्राने हे चार वेळा ऐकलं होतं. खोर फक्कानला जाणारा मोठा रस्ता सोडून त्याने मुद्दाम हा जुना, दुपदरी रस्ता धरला होता, तोही तिला दाखवायला. पुढच्या आठवड्यात श्रीलंकेला जायचं होतं. तिथल्या डोंगरातल्या रेल्वेची तिकिटं केव्हाच संपली होती. बस सुचित्राला लागते. ड्रायव्हरसकट व्हॅन मिळत होती, चांगली मिळत होती, पण मागे बसून फिरायचं म्हणजे साहेबांना कमीपणा. त्यांना भाड्याची गाडी घेऊन स्वतःच चालवायची होती. एकदा यांच्या डोक्यात काही शिरलं, की ब्रह्मदेव आला तरी ते बाहेर काढता येत नाही.

"संध्याकाळपर्यंत गाडी कन्फर्म करायचीय," तो म्हणाला. "आज तुला जरा जरी भीती वाटली ना, तर सांग. मी गुपचूप व्हॅन बुक करतो. शब्द देतो."

भीती तर तिला आठवडाभर वाटत होती. भाजी चिरताना वाटायची, मीटिंगमध्ये बसलेली असताना वाटायची. अरुंद घाट, एका अंगाला दरी आणि मागच्या सीटवर अस्मी, एवढंच डोळ्यांपुढे यायचं. पण खरं सांगायचं तर आज तो छान चालवत होता. वळणावर हळू, चढावर हळू, कुणाला ओव्हरटेक नाही.

"अस्मी, तिकडे कुठल्या बाजूने?" त्याने आरशातून लेकीला विचारलं.

"लेफ्ट, बाबा. यू आस्क्ड मी ऑलरेडी." बारा वर्षांच्या अस्मीने फोनमधून मान काही वर काढली नाही.

"शाब्बास. मी दोन दिवस मनातल्या मनात तेच चालवतोय. ऑफिसला जाताना मरीनाच्या सिग्नलला उभा राहिलो, की प्रत्येक वळण उलटं करून बघतो. पुण्यात शिकलेला हात आहे माझा. विसरत नसतो."

डाव्या हाताला एक कॅफेटेरिया लागला. तिथे थांबून त्यांनी इकडचा दुधाळ करक चहा घेतला, अस्मीने चिप्स घेतले. भर दुपारी त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सुचित्राने ग्लास खाली ठेवला तेव्हा तिच्या मनावरचा ताण बराच उतरला होता. उगाच आपण बाऊ करतो, तिला वाटलं. हो म्हणून टाकू.

"यल्ला," म्हणत सूर्यकांतने गाडी काढली. गाडी आवारातून बाहेर आली, डावीकडे वळली आणि चढाला लागली. पुढे कुणी नव्हतं, मागेही कुणी नव्हतं.

काहीतरी चुकतंय असं सुचित्राला वाटत होतं, पण काय ते कळेना. तिने पट्टा चाचपला. मागे वळून अस्मीकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. सकाळपासून तिच्या खिडकीखाली रस्त्याची कड पळत होती. आता तिथे अख्खा रस्ता होता, रिकामा. कड सूर्यकांतच्या बाजूला होती.

ते तिच्या लक्षात येईपर्यंत वळणावरून ट्रक आला. खडीने भरलेला, उतारावरून येणारा, थेट समोर.

"हा बघ गाढव," सूर्यकांत शांतपणे म्हणाला. "राँग साइडने येतोय."

आणि त्याने हॉर्न दाबला. गाडी तसूभरही हलवली नाही. आपलं बरोबर आहे म्हटल्यावर माणूस कशाला हलवेल? ट्रकनेही भोंगा वाजवला, दिवे मारले. सूर्यकांतने हॉर्नवरचा हात काढला नाही.

"अहो, आपण." सुचित्रा ओरडली. "आपण आहोत राँग साइडला."

"आपण कसे?" तो म्हणाला. त्याला खरोखरच कळलं नव्हतं.

तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं आणि जिवाच्या आकांताने स्वतःकडे ओढलं. गाडी उजवीकडे फेकली गेली. त्याच्या बाजूचा आरसा कडकन गेला, खिडकीला घासून चाकं, खडी, धूळ असं काय काय गेलं, मग भोंगा लांब लांब होत गेला. गाडी कडेच्या दगडाला टेकून थांबली.

"मम्मा?" मागून अस्मी म्हणाली. "मम्मा, आर वी ओके?"

"हो गं बाळा." तिने हात मागे नेऊन लेकीचा गुडघा घट्ट धरला. दुसऱ्या हाताने तिने गाडी बंद केली आणि किल्ली काढून घेतली.

सूर्यकांत समोर बघत होता. कपाळावर घाम होता, ओठ पांढरे पडले होते. चिडला असता, ट्रकवाल्याला शिव्या घातल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

"व्हॅन बुक करू आपण," ती म्हणाली. "खलास. आता तुम्ही इकडे बसा. घरापर्यंत मी नेते."

तो उतरला नाही.

"सुचित्रा," तो हळूच म्हणाला. "खरं सांगू? मला अजूनही वाटतंय, मी बरोबर बाजूला होतो."

तिने त्याच्याकडे पाहिलं. तो चेष्टा करत नव्हता. मग तिने किल्ली मुठीत धरून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं, आणि आता गाडी कुठल्या बाजूने काढायची, ते क्षणभर तिलाही सांगता येईना.